शहाजी सपकाळ, हजर

पत्रातल्या तिसऱ्या ओळीपाशी सुभाष थांबला आणि खो खो हसत सुटला.

"काय झालं?" ओट्यापाशी मेथी निवडत उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने, स्मिताने, मान वळवून विचारले.

"आबा वारले," तो म्हणाला. "म्हणजे सैन्याच्या लेखी. चव्वेचाळीस सालीच. रंगूनच्या तुरुंगात, नोव्हेंबर महिन्यात. हे बघ, सही-शिक्का करून कळवलंय."

सुभाषची आई, वेणूबाई, खिडकीखाली बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्याही हसल्या. "अजून तसंच ठेवलंय व्हय त्येनी?"

निकमांच्या घरात ही गोष्ट दर लग्नात, दर बारशाला सांगितली जायची. महायुद्ध संपता संपता हौसेराव, म्हणजे सुभाषचे वडील आबा, कैदेत मेल्याची तार गावी आली. सुभाषच्या आजोबांनी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, दहावे-तेरावे उरकले आणि पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी हौसेराव खांद्यावर पिशवी घेऊन दारात उभा. आजीने म्हणे आधी त्याच्या पायांकडे बघितले, उलटे आहेत का म्हणून. आजोबांनी तार चुलीत घातली आणि वर चहा ठेवला. सांगणारा इथपर्यंत आला की सगळे हसायचे. आबा मात्र त्या वेळी कुठेतरी उठून गेलेले असायचे. लाजतात, असे सगळे धरून चालत.

स्वातंत्र्याची पन्नास वर्षे पाच आठवड्यांवर आली होती. नेरूळच्या त्यांच्या सोसायटीने पंधरा ऑगस्टला आबांच्या हातून झेंडा लावायचे ठरवले होते आणि सेक्रेटरीला फळ्यावर लिहायला माहिती हवी होती. आबा स्वतः काही सांगणाऱ्यांतले नव्हते. मग सुभाषने मार्च महिन्यात एकदा दाढी करत असलेल्या आबांना सहज विचारले होते, "आबा, पलटणीत तुमचा नंबर काय होता?" आबांनी आरशातून नजर न हलवता आकडे घडाघडा म्हणून दाखवले. मग वस्तरा थांबवून म्हणाले, "कशाला रं?" "असंच," असे म्हणून सुभाषने टेलिफोन एक्स्चेंजमधल्या आपल्या टेबलावरून सैन्याच्या दप्तराकडे अर्ज धाडला होता.

पत्राला एक जोडपान होते. जुन्या नोंदीची नक्कल. सुभाषने ते उजेडात धरले आणि त्याचा आवाज बदलला.

"स्मिता, आबा छत्रीवाले होते."

"म्हणजे?"

"पॅराशूट. विमानातून उडी मारणारे. इथं लिहिलंय. मराठा पलटणीतून स्वतःहून नाव दिलं, चकलाल्याला शिक्षण, पाच उड्या पूर्ण. मग मणिपूरच्या डोंगरात लढाई, मार्च चव्वेचाळीस. बेपत्ता. नंतर कैदी."

स्मिता हात पुसत आली. जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या कठडा धरून, एक-एक पाय टेकत उतरणारे आबा तिच्या डोळ्यांपुढे आले असावेत. "कधी बोलले नाहीत," एवढेच ती म्हणाली.

वेणूबाईंच्या मांडीवरची घडी तशीच राहिली होती. "मला बी न्हाई."

पत्राच्या शेवटी लिहिले होते की, संबंधित व्यक्ती हयात असल्यास पलटणीतून सुटल्याचे मूळ पुस्तक तपासणीसाठी पाठवावे, म्हणजे नोंद दुरुस्त करता येईल. सुभाषला हे सोपे वाटले. आबा रोजच्यासारखे करावे गावापर्यंत, खाडीच्या कडेने फिरायला गेले होते. ते यायच्या आत कागद काढून ठेवावा, आल्यावर चकित करावे, असा त्याचा बेत.

"त्यांच्या ट्रंकेत एक कागद हाय बघ," वेणूबाई म्हणाल्या. "मेणकापडात बांधलेला. लगीन झालं तवापासनं हाय. मला कुठं वाचता येतंय. शिवू नको म्हनायचं."

पलंगाखालची ट्रंक ओढली. लोकरीच्या जुन्या बंडीखाली पुडके होते. मेणकापड चिकटून बसले होते, सुभाषने ते नखांनी सोडवले. आत पिवळे पडलेले, हाताच्या पंजाएवढे पुस्तक. त्याने पहिले पान उघडले आणि नंबर ताडून बघायला पत्र शेजारी ठेवले.

नंबर जुळला नाही.

त्याने पुन्हा बघितले. मग नंबराच्या खालची ओळ वाचली आणि पलंगावर बसला.

"काय रं?" वेणूबाई म्हणाल्या.

"आई, हे आबांचं नाही."

"मग कुनाचं?"

"शहाजी गणू सपकाळ. मुक्काम बेलदरे, तालुका जावळी." तो अडखळत वाचत होता. "सात उड्या. मणिपूरला कैद. रंगूनच्या तुरुंगातून सुटका, मे पंचेचाळीस. पलटणीतून नाव कमी, मार्च सेहेचाळीस. जवळचं नातलग... पत्नी, अनसूया."

खालून भंगारवाल्याची आरोळी आली आणि गेली. वेणूबाईंनी हातातला टॉवेल खाली ठेवला. त्यांचा चेहरा एकदम लहान दिसू लागला.

"मग मी कुनासंगं नांदले पन्नास वर्सं?"

"काहीतरीच काय, आई," स्मिता पुढे झाली. "आजी-आजोबांनी ओळखलं की त्यांना. सगळ्या गावानं ओळखलं."

"मग ह्यो कागद कुनी दिला? आन् का ठेवला?"

सुभाषच्या एका हातात बापाच्या मरणाची नोंद आणि दुसऱ्या हातात परक्या माणसाच्या सुटकेची. मघाशी आपण हसलो, हे त्याला आता आठवतही नव्हते.

आबा आले तेव्हा त्यांच्या हातात करली मासळीची पिशवी होती. दारातच चपला काढता काढता त्यांची नजर पलंगावरच्या पुस्तकाकडे गेली. त्यांनी पिशवी जमिनीवर ठेवली, भिंतीला हात लावला आणि हळूहळू खाली बसले. खुर्ची शेजारीच होती.

"पानी दे," ते म्हणाले.

स्मिताने तांब्या दिला. त्यांनी दोन घोट घेतले, उरलेले पाणी हातात धरून बसले. सुभाषने पत्र त्यांच्यापुढे धरले. त्यांनी ते घेतले नाही.

"लिहिलंय ते खरं हाय," आबा म्हणाले. "हौसेराव निकम म्हनून जो मेला, त्यो शहाजी."

आबा तांब्यातल्या पाण्याकडे बघत सांगू लागले. आवाज सपाट होता, दुसऱ्याच कुणाची हकिकत सांगावी तसा.

"आमी एकाच दिवशी छत्रीला नाव दिलं. एकाच इमानातनं पयली उडी. मणिपुरात धरले ते बी एका खड्ड्यात. रंगूनला तुरुंगात घातलं. तिथं रोज सकाळी हजेरी. नाव पुकारलं की हजर म्हनायचं आन् दिवसाच्या कामावर निघायचं. जो उठनार न्हाई त्याला बांबूनं मारायचे. माझ्या शेजारचा एक कानपुराकडचा व्हता, त्याला असाच मारला. सांज व्हायच्या आत गेला."

वेणूबाई तोंडाला पदर लावून ऐकत होत्या.

"मला हगवन लागलेली. बसता येत न्हवतं. त्या दिवशी गोदीवर जायाला माझं नाव लागलं. शहाजीचं न्हवतं. त्यो म्हनला, पडून ऱ्हा, जपान्याला सारी तोंडं सारखीच दिसत्यात. माझं नाव पुकारलं, त्यो हजर म्हनला. माझा बिल्ला गळ्यात घातला आन् गेला. दुपारी इमानं आली. इंग्रजांची, म्हंजी आपलीच. गोदीवर बाँब टाकले. एकोनीस गेलेले, चार परत आले."

"त्यांत ते नव्हते," सुभाष म्हणाला.

"न्हवता. सांजची हजेरी लागली. त्यांनी माझ्या नावावर काट मारली. मग पुकारलं, शहाजी सपकाळ. सगळी गप. पुन्ना पुकारलं. आमच्याच हवालदारानं माझ्या बरगडीत कोपर हानलं." आबांनी पहिल्यांदा वर बघितले. "मी म्हनलं, हजर."

"पण सुटल्यावर? सुटल्यावर सांगायचं की, आबा!"

"कलकत्त्याला दवाखान्यात नेलं. तिथं साहेब बसलेले, एकेकाला इचारत. कैदेत कोन आझाद हिंदकडं फिरला, कोन न्हाई. ज्येचं नाव-नंबर जुळंना त्येला बाजूला काढत. बाजूला काढलेली मानसं पुन्ना दिसली न्हाईत. माझं वजन चौतीस किलो. आज सांगू, उद्या सांगू. मग पलटणीच्या डेपोत आनलं. टेबलामागच्या बाबूनं मान वर केली न्हाई. शहाजी सपकाळ? हां. ह्ये घे, घरी जा."

सुभाषने पुस्तकाकडे बघितले. शेवटच्या ओळीवर त्याचे बोट आपोआप गेले. पत्नी, अनसूया.

"त्यांच्या घरी कोणी सांगितलं?"

आबांनी तांब्या दुसऱ्या हातात घेतला.

"आबा, त्यांच्या बायकोला सैन्यानं काय कळवलं असेल? नवरा सुटला, घरी पाठवला, हेच ना? तिला कोणी सांगितलं?"

"मी गेलो व्हतो," आबा म्हणाले. "त्याच उन्हाळ्यात. गावाच्या अलीकडं वढा हाय. पलीकडं अंगनात ती मिरच्या वाळत घालत व्हती. कुंकू येवढं. गानं म्हनत व्हती. नवरा येनार म्हनून." त्यांनी तांब्या खाली ठेवला, तो कलंडला आणि पाणी फरशीवर पसरत गेले. "पाय उचलला न्हाई. माघारी आलो."

"आणि मग?"

"मग न्हाई."

एक्कावन्न वर्षे. सुभाषने बापाकडे बघितले. साधा माणूस, गावची दोन एकर आणि पुढे गिरणीतली नोकरी. कुणाला वर आवाज करून बोलला नाही, भिशीचा हप्ता चुकवला नाही. हा माणूस आपल्याला ठाऊकच नव्हता, असे त्याला वाटले. ओरडावेसे वाटले, पण नक्की कशासाठी ओरडायचे, तेच कळेना. बाप जिवंत राहिला म्हणून? शहाजीने ती हजेरी दिली नसती तर आपण या खोलीत नसतोच, हे त्याच्या ध्यानात आले आणि तो उठून गॅलरीत गेला.

त्या दिवशी करली कुणी साफ केली नाहीत. संध्याकाळी स्मिताने ती शेजारी देऊन टाकली.

दोन दिवस वेणूबाई आबांशी बोलल्या नाहीत. जेवायला वाढायच्या, कपडे द्यायच्या, पण तोंडातून शब्द नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आबांना हाक मारली.

"ऐकलं का. त्या बाईनं माझ्याइतकीच वर्सं कुंकू लावलंय. जित्ती असंल तर जाऊन सांगा. न्हाईतर मला तुमच्या ताटाला ताट लावून बसता यायचं न्हाई."

आबा उठून बसले. "जातो," म्हणाले.

सुभाषने सोसायटीच्या सेक्रेटरीला सांगितले की माहिती मिळत नाही, झेंड्यासाठी दुसरे कुणी बघा. मग एका दुपारी तो वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गेला. जावळी-पाटणची निम्मी गावे तिथे पाठीवर गोणी वाहायला आलेली, हे त्याला माहीत होते. तिसऱ्याच टोळीत बेलदऱ्याचा माणूस भेटला.

"अनसूया म्हातारी? हाय की. कोपरखैरण्याला, गोटीरामकडं. गोटीराम मुकादम. कुनाला बी इचारा."

गोटीराम तिचा कोण, हे विचारायचे सुभाषला सुचले नाही. ती जिवंत आहे, याचाच त्याला धक्का बसला होता.

रविवारी मार्केट बंद असते. त्या दुपारी बाप-लेक निघाले. आबांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, डोक्याला पटका बांधला. वेणूबाईंनी बाईमाणसाकडे जायचे म्हणून सवयीने ओटीचा नारळ आणि खण काढला, तो हातात घेऊन त्या दारापर्यंत आल्या. तिथे त्यांना काहीतरी उमगले. त्या तशाच मागे फिरल्या आणि नारळ परत डब्यात ठेवला.

वाशी डेपोत बस बदलून कोपरखैरणे. सुभाषच्या पिशवीत ते पुस्तक होते आणि खिशात पत्र.

बैठ्या घरांच्या रांगेत शेवटून दुसरे दार. उंबऱ्याशी एक वाळकी म्हातारी सुपात तांदूळ घेऊन बसली होती. हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर रुपयाएवढे कुंकू. आबांची पावले थबकली. सुभाषने त्यांच्या कोपराला आधार दिला.

"कोन पाव्हनं?" म्हातारीने विचारले.

"मी हौसेराव निकम," आबा म्हणाले. "शहाजीच्या पलटणीतला."

म्हातारीचे हात सुपात थांबले. आतून पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा एक माणूस बाहेर आला. ओझ्याने त्याच्या मानेवर गट्टा पडला होता.

"काय म्हनला? माझ्या बापाच्या पलटणीतलं?" त्याने पुढे होऊन आबांच्या पायांना हात लावला. "आई, ऐकलंस का! या, या, आत या. पन्नास वर्सांत पयलं मानूस आलं बघा, बापाला वळखनारं!"

गोटीरामने आबांना हाताला धरून लोखंडी कॉटवर बसवले. सुभाष शेजारी बसला. शहाजीला मुलगा होता, हे आबा बोलले नव्हते. लढाईला जाण्याआधीचा असेल, असे म्हणून त्याने मनातल्या मनात हिशेब मांडायला घेतला, तोवर गोटीरामच सांगू लागला.

"मी काय त्येला बघितला न्हाई. सेहेचाळिसाच्या दिवाळीत एका रातीचा आलेला म्हनं. एक रात ऱ्हायला, पहाटं गेला, त्यो गेलाच. मी सत्तेचाळीसचा. देश सुटला त्या सालचा! मुंबईला आलो तवा मसजिद बंदराला लई हुडकला. कुनी म्हनायचं दुसरं बिऱ्हाड केलं, कुनी म्हनायचं बैरागी झाला. त्येच्याबद्दल कायबी ठावं असंल तर सांगा. थांबा, आधी दूध घिऊन येतो. कोरा चा कसा देऊ तुमाला?"

तो पायात चपला सरकवून गेला.

सुभाषला आधी वाटले, आपण काही चुकीचे ऐकले. चव्वेचाळीस. सत्तेचाळीस. त्याने आकडे उलटे केले, सुलटे केले. आबांकडे बघायची त्याची हिंमत होईना. बघितले तेव्हा आबा रिकाम्या दाराकडे टक लावून बसले होते आणि त्यांचा खालचा जबडा सुटल्यासारखा झाला होता.

अनसूयाबाई आत आल्या. त्यांनी दार लोटून घेतले आणि सूप मांडीवर घेऊन समोर बसल्या.

"बोला," त्या म्हणाल्या. "काय सांगाया आलाय ते त्यो यायच्या आत बोला."

"काय न्हाई, वैनी. सहज आलो."

"सहज कोन येतं पन्नास वर्सांनी? बोला."

आबांनी सुभाषकडे बघितले. मग मान खाली घालून, पाच-सहा वाक्यांत, त्यांनी सगळे सांगितले. हजेरी. बिल्ला. गोदी. संध्याकाळची हजेरी. डेपोतला बाबू. ओढ्याशी माघारी फिरलो, तेही सांगितले.

"कवा?" अनसूयाबाईंनी विचारले.

"चव्वेचाळीस. दिवाळीच्या मागनं."

"आन् त्यो सरकारचा कागद? सुटला, घरी धाडला म्हनून? पाटलानं उलट लिहून इचारलं, तरी तेच लिहून आलं."

"त्यो मी सुटलो. त्येच्या नावानं."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. अनसूयाबाई रडल्या नाहीत. सुपातला एक खडा त्यांनी उचलला, बोटांत फिरवला आणि पुन्हा तांदळातच टाकला.

"म्हंजी त्यानं मला टाकलं न्हवतं," त्या म्हणाल्या.

"न्हाई, वैनी."

"माझी सासू म्हनायची, सुटून आला आन् तिकडंच ऱ्हायला, तुझं तोंड बघायचं न्हवतं त्येला. मला बी तसंच वाटाया लागलं. त्या साली सनासुदीला वाट बघितली. मग बघायची सोडली." त्यांनी दाराकडे नजर टाकली. "सोडल्यावर काय झालं, ते तुमी मोजलं असंल."

"मी काय मोजलं न्हाई."

"ह्यो मोजतोय," त्या सुभाषकडे बघून म्हणाल्या.

सुभाषने मान खाली घातली.

"मोज बाबा. कुनाचा, ते तेवढं इचारू नगंस. त्यो बी गेला आता." त्यांचा आवाज कुठेही हलला नाही. "पर एक ध्यानात घे. पोटात पोर ऱ्हायलं तवा माझ्यापाशी त्यो कागद व्हता. नवरा जित्ता हाय, सुटलाय, म्हंजी रातीचा यिऊन गेला असंल, असं म्हनाया गावाला जागा व्हती. कागद नसता, तर मला आन् पोराला हिरीत जागा व्हती."

आबांनी दोन्ही हात जोडले. "वैनी, मला शिव्या द्या. त्येच्यासाठीच आलो."

"दिल्या असत्या. त्यो यील आता." त्या पुढे झुकल्या. "आधी सांगा, ह्ये सरकारला कळवनार हायसा काय? शहाजी तवाच मेला म्हनून?"

आबांनी सुभाषकडे बघितले. सुभाषचा हात खिशावर गेला. पत्र तिथे होते, घडीचा कोपरा बोटांना टोचत होता. नोंद दुरुस्त करता येईल, असे त्यात शेवटी लिहिले होते.

"नाही, आजी," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला अनोळखी वाटला. "काही कळवणार नाही."

"मग तुझा बाप त्येंच्या दप्तरी मेलेलाच ऱ्हानार."

"ऱ्हातो की," आबा म्हणाले.

बाहेर चपला वाजल्या. अनसूयाबाई उठल्या, दार उघडून त्यांनी गोटीरामच्या हातातली दुधाची पिशवी घेतली आणि स्टोव्हपाशी गेल्या.

"गोटीराम, पाव्हन्यांनी तुझ्या बापाचा कागद आनलाय," खोलीकडे पाठ ठेवूनच त्या म्हणाल्या. "दोघं संगं सुटलेले. ह्यांच्या ट्रंकत ऱ्हायला व्हता. घे मागून."

सुभाषने पिशवीतून पुस्तक काढून गोटीरामच्या हातात दिले. गोटीरामने आधी हात पायजम्याला पुसले. पान उघडून तो अक्षरांवरून नजर फिरवत राहिला.

"इंग्रजी हाय. वाचा की सायेब तुमी."

सुभाषने वाचले. नाव, गाव, नंबर. मराठा पलटण. पॅराशूट. सात उड्या.

"इमानातनं?" गोटीराम आबांकडे वळला. "माझा बाप इमानातनं उड्या टाकायचा? आन् आमी आपलं त्येला पळपुटा म्हनत आलो! कसा व्हता हो त्यो?"

स्टोव्हपाशी अनसूयाबाईंचा साखरेचा चमचा भांड्यावरच थांबला होता.

"पयल्या उडीला मी दारातच गोठलो," आबा म्हणाले. "खाली बघितलं आन् पाय चिकटले. मागनं साहेब वरडतोय. तुझा बाप माझ्यामागं उभा. कानाशी यिऊन म्हनला, हौशा, डोळे मीट, मी हाय मागं. आन् दिली ढकलून. खाली उतरलो तर माझ्याआधी त्योच हसत उभा. असा व्हता. हसरा."

गोटीराम ऐकत होता, तोंड किंचित उघडे. अनसूयाबाईंचे खांदे एकदा वर गेले आणि खाली आले. चमचा भांड्यात पडला.

"आन् ह्ये काय हाय?" गोटीरामने शेवटचे पान सुभाषपुढे धरले.

निळ्या शाईचा एक ठसा होता. सेहेचाळीस साली, डेपोतल्या टेबलापाशी उमटवलेला.

"अंगठा आहे," सुभाष म्हणाला.

"माझ्या बापाचा अंगठा?"

सुभाषने बापाकडे बघितले.

"व्हय," आबा म्हणाले.

गोटीरामने पुस्तक दोन्ही हातांत धरले, वाकला आणि त्या ठशावर कपाळ टेकवले. कितीतरी वेळ त्याने मान वर केली नाही. समोर बसलेल्या आबांनी आपला डावा अंगठा मुठीत मिटून घेतला होता.